मारेकऱ्याच्या डोक्यावर कावळा

पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक म्हणून ज्याची सगळी नोकरी गेली, त्याने पेन्शन तोंडावर आलेली असताना भाडोत्री मारेकरी व्हावं हे बरं दिसत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. मी स्वतःच ते आधी सांगून मोकळा होतो. देऊळगाव राजाच्या भाजीबाजारात अजूनही काही लोक मला पाहून दोन्ही हात वर करतात आणि "साहेब, मी काही नाही केलं" म्हणतात. मी त्यांच्याकडे न बघता वांगी निवडतो. पण जो तो आपापल्या मनाची हकीकत सांगत सुटला आहे, कुणी कावळ्याची घार करतो, कुणी मला खरोखरच मारून टाकतो, तेव्हा जे घडलं ते एकदा माझ्या तोंडून सांगितलेलं बरं.

आमची श्रद्धा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करते. मांडवात नवरदेवापेक्षा तिचाच रुबाब जास्त असतो. तिला पुण्याच्या एका स्टुडिओने कळवलं की दहा मिनिटांचा वेगवान ॲक्शनपट करून मेअखेर पाठवा, पसंत पडला तर साहाय्यक म्हणून घेऊ. मी बाप म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. हा एक चित्रपट कर, जमलं तर पुण्याला जा. नाही जमलं तर बी.एड.ला नाव घालायचं आणि कॅमेऱ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. ती "बरं" म्हणाली. ती नुसतं "बरं" म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी असतं, हे तिच्या आईने, म्हणजे सुलभाने, मला नंतर सांगितलं. मला ते दिसलं नाही, कारण मी त्या वेळी वीजबिल बघत होतो आणि वीजबिल बघताना मला दुसरं काही दिसत नाही.

चित्रपटाची कथा अशी. एक भाडोत्री मारेकरी असतो. ज्या मालकासाठी त्याने आयुष्यभर माणसं मारली, तोच मालक त्याच्या जिवलग दोस्ताला मारतो. मग मारेकरी सूड घ्यायला निघतो, धावतो, पाठलाग करतो, मालकाला मारतो आणि शेवटी स्वतःही गोळी लागून पडतो. तो पडल्यावर एक बाई येते आणि त्याच्यासाठी रडते. एवढंच.

"बाबा, सगळी फिल्म या शेवटच्या शॉटवर उभी आहे," श्रद्धा म्हणाली. "ज्याने एवढी माणसं मारली, त्याच्यासाठी रडणारं एक तरी माणूस निघतं. हे रडणं खोटं वाटलं ना, की मग बाकीचं कितीही चांगलं झालं तरी वाया गेलं. आत्याला बोलावू का? आत्याला खरं रडू येतं. टीव्हीवरच्या मालिकेतलं कुणी मेलं तरी ती जेवत नाही."

मी म्हणालो, "तिचं नाव या घरात काढायचं नाही."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं आणि कणीक मळायला घेतली. तो विषय तिथे संपला असं मला वाटलं.

मारेकरी म्हणून श्रद्धाने शंतनु नावाचा व्यायामशाळेतला एक तरुण ठरवला होता. दंड असे की शर्टाच्या बाह्या उसवाव्या. पण त्याची सोयरीक जुळत आली होती, आणि मुलीकडच्यांना मुलगा खून करताना दिसला तर बैठक मोडेल, असं त्याच्या मामाचं मत पडलं. शंतनुने हात जोडले. श्रद्धा दोन दिवस न बोलता फिरली. तिसऱ्या दिवशी ती जेवताना माझ्याकडे फार वेळ बघत राहिली. मला वाटलं, मिशीला वरण लागलं असेल.

"बाबा, तुमचा चेहरा तसा थंड आहे," ती म्हणाली.

"लोकांची फाइल तीन महिने दाबून ठेवायची तर चेहरा थंडच लागतो," सुलभा म्हणाली. मी आजवर एकही फाइल दाबलेली नाही. काही फायली आपोआप खाली जातात, ती वेगळी गोष्ट आहे. पण ते समजावून सांगेपर्यंत मी मारेकरी झालो होतो.

मग प्रश्न आला कोटाचा. मारेकऱ्याला पायघोळ काळा कोट लागतो, त्याशिवाय तो मारेकरी वाटत नाही, अशी श्रद्धाची पक्की समजूत होती. आमच्या गल्लीत कुणाला काही हवं आहे असं कळलं की माणसं वस्तू आणत नाहीत, सल्ले आणतात. एकाने वकिलाचा कोट सुचवला. दुसऱ्याने ब्लँकेट काळं रंगवायला सांगितलं. शेवटी शेजारच्या तानाबाईंनी आपल्या कैलासवासी यजमानांचा रेनकोट देऊ केला. यजमान उंच होते. रेनकोट माझ्या घोट्यापर्यंत आला. रबरी, जाड, आणि मे महिना. तो घातल्याबरोबर मला गुन्हेगारांबद्दल पहिल्यांदा सहानुभूती वाटली.

मात्र तानाबाईंची एक अट होती. तो रेनकोट गेले दोन उन्हाळे त्यांच्या गच्चीवर काठीला टांगलेला असायचा. गच्चीवर कुरडया आणि पापड वाळत, आणि कावळे येऊ नयेत म्हणून हे काळं बुजगावणं. तेव्हा दिवसा रेनकोट गच्ची सोडणार नाही.

"मंग तुमीच कोट घालून गच्चीवर उभे राहा ना," तानाबाई म्हणाल्या. "तुमची शूटिंग बी होईन अन् माह्या कुरडया बी वाळतीन."

अशा रीतीने मी एकाच वेळी मारेकरी आणि राखणदार झालो. यात मानापमानाचा प्रश्न होता, पण पोरीच्या भवितव्यापुढे मी तो गिळला.

परवानगीचं तर विचारूच नका. पिस्तूल बालाजीच्या यात्रेतलं, टिकल्या फोडायचं. तरी रस्त्यावर पिस्तूल घेऊन धावायचं तर लेखी परवानगी असावी, कारण मी नियमातला माणूस आहे. त्यासाठी ज्या कचेरीत जावं लागतं तिचं नाव लिहीत नाही, मला तिथे अजून कामं आहेत. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मारेकरी कोण?"

"मी."

"सूड कोणावर घेताय?"

"मालकावर."

"त्याच्याविरुद्ध आधी लेखी तक्रार केली होती का?"

"नाही. कथेत तसं नाही."

"तक्रार नाही, स्मरणपत्र नाही, एकदम सूड?" त्याने अर्ज परत केला. "मधले टप्पे कुठं आहेत?"

मी उठून आलो. राग आला होता, पण त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. मग श्रद्धाला सांगून कथेत एक प्रसंग घातला. त्यात मारेकरी मालकाला जाब विचारणारं एक पत्र पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. वेगवान ॲक्शनपटाचा वेग इथे जरा मंदावला. परवानगी मात्र आली.

मालकाचं काम पंजाबरावांनी केलं. पंजाबराव आमचे समोरचे शेजारी, मूळचे सोनाळ्याचे, एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आवाज भारदस्त, मिशी अशी की कुणीही यांच्यावर सूड उगवावा. रोज संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर बसतात आणि मी म्हणेन त्याच्या उलट बोलतात. असा दुसरा मित्र मला नाही.

पाठलागाचा प्रसंग चिखली रस्त्यावर होता; त्या दिवशी तानाबाईंचं वाळवण नव्हतं, म्हणून रेनकोटाला गच्चीवरून सुट्टी मिळाली. पुढे जीपमध्ये पळणारे पंजाबराव, मागे माझ्या जुन्या स्कूटरवर रेनकोट फडफडवत मी, आणि मागच्या सीटवर बसून माझ्या खांद्यावरून कॅमेरा धरलेली श्रद्धा. श्रद्धा ओरडली, पंजाबराव निघाले. ज्या माणसाने सगळी नोकरी बिनअपघात काढली, त्याला जीव वाचवून पळायला सांगितलं तरी तो गिअर टप्प्याटप्प्यानेच टाकतो. वळण आलं की ते आधी इंडिकेटर द्यायचे. मारेकऱ्याला आपण कुठे वळणार हे कळू नये, अशी सूचना श्रद्धाने केली. ते म्हणाले, "पोरी, मागच्याले सांगल्याबिगर मी वळत नाही. तो मारेकरी असन, पर रस्त्यानं चालून राह्यला ना?"

तरी एकदा सगळं जुळून आलं. धूळ उडाली, वेग आला, आणि फाट्यावर एका बाईने हात दाखवला. पंजाबरावांनी जीप बाजूला घेऊन थांबवली. बाई पोतं घेऊन चढल्या. मला ब्रेक लागेना, आणि सूड घ्यायला निघालेला मी सूड घेण्याच्या माणसाला मागे टाकून पुढे निघून गेलो.

"काऊन थांबले हो?" मी परत येऊन विचारलं. माझाही तोल गेला होता.

"बाई उन्हात उभी होती," पंजाबराव म्हणाले. मी स्कूटर पुन्हा जीपच्या मागे नेऊन लावली. ती बाई मात्र चित्रपटात आहे. ती मालकाची साथीदार आहे असं आम्ही ठरवून टाकलं.

आता मुख्य गोष्ट. पंजाबरावांना मारायचा प्रसंग तानाबाईंच्या गच्चीवरून होता. मी पाण्याच्या टाकीजवळ उभं राहायचं, पिस्तूल रोखायचं आणि श्रद्धा सांगेपर्यंत हलायचं नाही. समोर कुरडया पसरलेल्या. खाली अंगणात पंजाबराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते, कारण दुष्ट माणूस बेसावध असताना मरतो. मी पिस्तूल रोखलं. डोळ्याची पापणी हलू दिली नाही. घाम मानेवरून आत उतरत होता. सांगायला संकोच वाटतो, पण त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला.

इतक्यात डोक्यावर काहीतरी बसलं.

मला वाटलं, श्रद्धाने टोपी ठेवली. मग ती टोपी टाळूवर दोन पावलं चालली आणि ओरडली. त्या कावळ्याने या रेनकोटाला दोन उन्हाळे जवळून पाहिलं होतं. हे काळं काही करत नाही, उगाच उभं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज वर डोकं आलं म्हणून बसायची सोय झाली, एवढंच. त्याने माझ्या डोक्यावरून कुरडयांचा नीट अंदाज घेतला, एक उचलली आणि उडाला. दचकून माझा चाप ओढला गेला, टिकली फुटली आणि खाली पंजाबराव ठरल्याप्रमाणे मेले. श्रद्धा म्हणते तो शॉट फार छान आला.

पण तानाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं होतं.

"डोस्क्यावर कावळा बसला," त्या म्हणाल्या. "सुलभा, वर ये. याच्या डोस्क्यावर कावळा बसला."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे माणसाच्या डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाची सूचना समजतात. त्याला तोडही ठरलेली आहे. एखाद्या दूर राहणाऱ्या नातेवाइकाला तो माणूस मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. नातेवाईक खरं समजून रडला की आलेलं मरण त्या रडण्यावर भागतं आणि माणूस सुटतो. अट एकच, रडणं मनापासूनचं हवं. मी अर्थातच या गोष्टी मानत नाही. मी तसं गच्चीवरच सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. त्यानंतर मी पायऱ्या जरा जपून उतरलो, पण ते रेनकोट पायात येत होता म्हणून.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बैठक बसली. विषय होता, गोपाळरावांसाठी खरं खरं कोण रडेल. मी तिथेच बसलो होतो. माणूस समोर बसलेला असताना हा विषय कसा काढावा याची थोडी तरी रीत असते. ती कुणी पाळली नाही.

"त्याइचा चुलतभाऊ?" तानाबाईंनी विचारलं.

"तो शेताच्या हिश्शावरून भांडलेला आहे, तो पेढे वाटेल," सुलभा म्हणाली.

"ऑफिसातले?"

"ते जागा कुणाला मिळते ते बघतील."

"माझ्या हाताखालचे सगळे मला मानतात," मी म्हणालो. सुलभाने तानाबाईंना आणखी चहा ओतला.

"मी रडलो असतो," पंजाबराव म्हणाले. "आमच्यात हे कावळ्याचं काही मानत नाहीत, पर तुमच्यासाठी रडलो असतो. आता काय करता, तुमी मले सकाळीच मारलं."

चहा फार गरम आहे असं म्हणून मी तोंड फिरवलं. इतकी वर्षं माणसांत वावरलो, लग्नांत आहेर केले, मयतांना गेलो, आणि आता माझ्यासाठी रडायला एक माणूस सापडू नये. श्रद्धा कोपऱ्यात कॅमेऱ्याचं काहीतरी पुसत होती. तिचीही अडचण तीच होती. उद्या शेवटचा शॉट घ्यायचा, परवा चित्रपट पाठवायचा, आणि मारेकऱ्यावर रडायला तिला अजून बाई मिळाली नव्हती.

एक नाव कुणी घेतलं नाही. ते म्हणजे माझी थोरली बहीण सरस्वती, सरूताई. तिला पिंपळगाव राजाला दिलेली. आई लवकर गेली, मला सरूताईने वाढवलं. आम्ही हे घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीच्या पत्रिकेत तिचं आणि दाजींचं नाव गळलं. चूक प्रेसवाल्याची होती, ती मी त्याच्याकडून लेखीही घेतली आहे. सरूताई आली, पूजेला बसली, पाणीसुद्धा न पिता उठली आणि मिळेल त्या गाडीने परत गेली. तेव्हापासून तिची राखी नाही की माझा फोन नाही. मी म्हणायचो, चूक माझी नाही तर मी का वाकू. ती काय म्हणायची ते मला ठाऊक नव्हतं, कारण आम्ही बोलत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आमच्या अंगणात मेलेला पडलो होतो. रक्तासाठी श्रद्धाने बिटाचा रस केला होता आणि तो घट्ट व्हावा म्हणून त्यात साखरेचा पाक. कॅमेऱ्यात रक्त उत्तम दिसलं. मुंग्यांनाही ते दिसलं. पण मेलेल्या माणसाला हलता येत नाही.

पहिल्यांदा तानाबाई आल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, खाली बसल्या, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. श्रद्धा आनंदाने पुढे सरकली. तानाबाई हसत होत्या.

"याले पाह्यलं की मले ती कुरडई आठवते," त्या म्हणाल्या.

मग सुलभा बसली. सुलभाने माझा हात हातात घेतला. लग्नानंतर इतका वेळ तिने माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. मी मनातून हललो. ती हळू आवाजात म्हणाली, "नखं कापा." श्रद्धाने कॅमेरा खाली ठेवला. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं तर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. बी.एड.चं माहितीपत्रक मीच आणून टेबलावर ठेवलं होतं. ते उचलून फेकावं असं मला वाटलं, पण मी मेलेला होतो.

"आपण अजून एकदा करू, श्रद्धा," मी पडल्यापडल्या म्हणालो. "मी नीट मरतो."

"तुम्ही नीटच मेलात बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज जड होता. "रडायला कुणी नाही त्याला तुम्ही काय करणार." तरी तिने कॅमेरा पुन्हा खांद्यावर घेतला आणि मी डोळे मिटले.

बाहेर ऑटो थांबल्याचा आवाज झाला. फाटक उघडलं. तानाबाई एकदम गप्प झाल्या, आणि तानाबाई गप्प झाल्या म्हणजे काहीतरी गंभीर असतं एवढं मला मिटल्या डोळ्यांनीही कळलं. चपला जवळ आल्या आणि माझ्याजवळ कुणीतरी गुडघे टेकून बसलं. डोकेदुखीच्या बामचा वास आला.

"गोपू," ती म्हणाली.

जगात मला गोपू म्हणणारं एकच माणूस आहे.

ती रडली. आमच्याकडे बाया मेलेल्याशी बोलत बोलत रडतात, तशी ती रडली. "गोपू रे, तुले मी पाठीवर घेऊन शाळेत नेलं रे. तू मास्तरले भ्यायचा अन् माही वेणी धरून बसायचा रे. तुले ताप आला तं मी देवीले नवस बोलली रे. पत्रिकेत नाव नाही टाकलं तरी मी आली रे गोपू, मी घरी नाही राह्यली." तिचा हात माझ्या कपाळावरून फिरत होता, तसाच, केस मागे सारत. आता तिथे केस नाहीत, पण तिचा हात जुन्या सवयीने जात होता. माझ्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि दोन्ही कानांकडे वाहू लागलं. शॉट बिघडला, हे मला कळत होतं. माझा इलाज नव्हता. मला उठून तिचे पाय धरावेसे वाटले आणि मी मान उचलली.

तिने हाताने माझं डोकं परत खाली दाबलं. माझ्या कानाशी वाकली आणि हुंदक्यातच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "हालू नको. अजून माहं रडणं नाही झालं."

मी हललो नाही. ती पुढे बराच वेळ रडली. पंजाबराव, जे चित्रपटात कालच मेले होते, फाटकाशी उभे राहून रुमालाने डोळे पुसत होते, असं सुलभाने नंतर सांगितलं. शेवटी तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ऊठ. कावळा उतरला."

मी उठून बसलो आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. आमच्या सगळ्या ॲक्शनपटात खराखुरा लागलेला फटका तो एकच.

मग सगळं बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी बैठक उठल्यावर सुलभाने तानाबाईंना फोन करायला लावला होता. गोपाळराव गेले, लवकर या, एवढंच बोलायचं ठरलं होतं. सुलभा कावळ्याला किती मानते ते मला ठाऊक आहे. तिला फक्त निमित्त हवं होतं.

"पण ताई, तुला कळलं कसं?" मी विचारलं. गाल चोळायची सोय नव्हती, हाताला बिटाचा पाक होता.

"काऊन नाही कळणार?" सरूताईने तानाबाईंकडे पाहिलं. "ह्या बाईनं सांगलं, गोपाळ गेला. अन् मंग म्हणे, सावकाश या, जेवून निघा, अन् मनापासून रडा हो. मयताच्या घरून कोणी जेवून निघा म्हणते काय? मले तेव्हाच कळलं, याच्या डोस्क्यावर कावळा बसला असन म्हणून."

"कळलं होतं तरी आलीस?"

"म्हणजे? खरं रडल्याबिगर उतरते काय तो? तुह्यावर आलेलं मरण मी तसंच ठेवू?"

मी आत जाऊन प्रेसवाल्याचं ते लेखी पत्र शोधलं, तिला दाखवायला म्हणून. मग ते तसंच ठेवून दिलं आणि बाहेर येऊन म्हणालो, "ताई, पत्रिका मी वाचायला पाहिजे होती."

"पाह्यजेच होती," ती म्हणाली, आणि सुलभाने पुढे केलेलं पाणी प्याली. या घरात तिने प्यालेलं ते पहिलं पाणी. मग म्हणाली, "कारकुनाले वाचता येत नाही तं काय उपयोग."

श्रद्धाने चित्रपट पाठवला. सरूताई म्हणाली, माह्या रडण्याचं काय झालं ते समजल्याबिगर मी जात नाही, आणि ती राहिली. माझी झोपायची बाजू बदलली, चहातली साखर कमी केली, पंजाबरावांशी सोनाळ्याच्या केळीवरून वाद घातला. स्टुडिओकडून उत्तर आलं. पाठलाग फार संथ आहे, मालकाला पाठवलेलं पत्र अनाकलनीय आहे, पोतं घेऊन चढणाऱ्या बाईचा उलगडा होत नाही. पण शेवटचा शॉट त्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिला होता. मेलेल्याच्या डोळ्यांतून पाणी काढायची कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं होतं. श्रद्धाने कळवलं, "माझी." जूनमध्ये रुजू व्हा, असा निरोप आला. माहितीपत्रक सुलभाने कुरडया ठेवायच्या डब्याच्या तळाशी घातलं.

दुसऱ्या दिवशी मी सरूताईला बसस्थानकावर सोडायला गेलो. पंजाबरावांनी ड्रायव्हरला ओळख देऊन पुढची सीट मिळवून दिली. गाडी सुटायला वेळ होता. मी खिडकीशी उभा होतो. एक गोष्ट मला सारखी टोचत होती, ती विचारू नये हे कळत असून मी विचारली.

"ताई, खरं सांग. तू रडलीस ते कावळ्यासाठीच ना?"

तिने पिशवी मांडीवर नीट घेतली.

"घरून निघाली तशी गाडीत रडत होती," ती म्हणाली. "मनात म्हणे, देवा, भाऊ मेला असं समजून मी रडतो, तेवढ्यात भागव. लोक पाहत होते. कावळ्याचं जे होतं ते चिखली येईलोक संपलं. तुह्या अंगणात रडली ते माहं होतं. इतक्या सालाचं साचलं होतं रे."

कंडक्टरने घंटी दिली. मी गाडीसोबत चार पावलं चाललो आणि राखीला मी तिकडे येतो म्हणून सांगितलं. पुढे ड्रायव्हरने वळायला इंडिकेटर दिला, तो दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.